सवय न होणारा मेंदू

अख्ख्या वर्गाला ज्याची सवय झाली, त्याची मलाच का होत नाही? हे कोडं मला सुटत नव्हतं. आमच्या पिसोळकर सरांनी मात्र ते कधीच सोडवून टाकलं होतं. "नाटकं आहेत, दुसरं काही नाही," ते म्हणाले.

यंदा शाळेत फळे गेले आणि प्रकाशभिंती आल्या. सगळी भिंत दिवसभर लुकलुकते. मला अर्धशिशी आहे (म्हणजे मायग्रेन, डोकं ठणकतं, मळमळतं, उजेड सोसत नाही), आणि भिंतीकडे बघितलं की ती उठते. यावर सरांनी काढलेला उपाय ऐका. मधल्या सुट्टीत मला एकटीला त्याच भिंतीसमोर बसवायचं, सराव म्हणून! सराव पूर्ण झाला नाही, तर चंद्रतळाच्या (चंद्रावरच्या वस्तीच्या) सहलीतून माझं नाव कट. त्या सहलीसाठी मी वर्षभर तयारी करत होते.

एकदा मी भिंतीसमोरच ओकले. सर म्हणाले, "अजून सराव लागेल."

माझे आजोबा, आबा, मेंदूवर संशोधन करतात. हे ऐकून ते तडक शाळेत आले, आणि येताना लहरटोपी (मेंदूतल्या बारीक विजेच्या लहरी मोजणारी टोपी) घेऊन आले.

"माझ्या नातीला खोटी ठरवता? मग मोजूनच बघू. आधी तुम्ही बसा, सर."

भिंतीवर काळे-पांढरे चौकोन अदलाबदल करू लागले. आबांच्या पडद्यावर सरांची लहर आधी उंच उठली, मग हळूहळू बुटकी होत गेली.

"तुमचा मेंदू म्हणतोय, यात नवीन काही नाही, सोडून द्या," आबा म्हणाले. "घड्याळाची टिकटिक थोड्या वेळानं जाणवेनाशी होते ना, तसंच. याला म्हणतात सरावणं."

मग मी बसले. त्या दिवशी माझं डोकं अजिबात दुखत नव्हतं. तरी माझी लहर बुटकी होईना. उलट थोडी वाढलीच, तेव्हा आबांनी लगेच भिंत थांबवली.

"अर्धशिशी असलेल्या बऱ्याच जणांत असं दिसतं. सगळ्यांत नाही, आणि असं का होतं, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. पण हिच्या मेंदूला प्रत्येक लुकलुक नवीच वाटते. तुम्ही ज्याला सराव म्हणत होता, तो नुसता मारा होता."

"पण बाकीच्या मुलांना तर सवय झाली," सर पुटपुटले.

"त्यात त्यांचं कर्तृत्व काय?" मी म्हणाले. मला राहवलंच नाही.

सरांनी पडद्यावरच्या लहरी पुन्हा निरखून बघितल्या. मग म्हणाले, "चुकलं माझं. नाव राहील तुझं. पण आबासाहेब, चंद्रतळावरचे दिवे लुकलुकणारे निघाले तर?"

"तर दिवे बदलायला सांगा. पोरीला कशाला बदलता?"

दुसऱ्या दिवशी भिंतीचा उजेड स्थिर झाला. तेव्हा माझ्या शेजारची रेहाना हळूच म्हणाली, "माझंही डोकं दुखायचं गं. नाटकं म्हणतील म्हणून बोलले नाही."

मला पुन्हा संताप आला, तिचा नाही, 'नाटकं' म्हणणाऱ्यांचा. मोठेपणी चंद्रतळावरचे दिवे आम्ही दोघी बसवणार आहोत, आणि बसवण्याआधी ज्यांना त्रास होतो त्यांनाच विचारणार आहोत.