सात घरचं गवत

कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नका. पण अमेरिकेतल्या चार्ल्सटनच्या हिवाळी जत्रेत एकदा कालवांनी उघडताना उसासा टाकला होता. एखाद्या कालवाने नव्हे, चांगल्या दोन पोती कालवांनी, एका सुरात!

जानेवारीचा शुक्रवार होता. बंदरावरून वारा असा सुटलेला, की चित्रकारांच्या मांडवातली चित्रं उडाली आणि पलीकडच्या किल्ल्याच्या भिंतीवर ओळीने जाऊन टांगली गेली. त्या वाऱ्यात थॅडियस प्रेलो कालवं भाजत होता. खाली ओकची लाकडं, वर लोखंडी पत्रा, पत्र्यावर कालवं आणि कालवांवर ओलं गोणपाट. वाफ कोंडली की शिंपले तोंड उघडतात, मग फावड्याने सगळा ढीग टेबलावर. धुराने डोळे चुरचुरत होते. थॅडियसने न बघताच मागे हात घातला, हाताला लागलं ते ओलं गोणपाट उचललं आणि दिलं पत्र्यावर टाकून.

दोनच मिनिटांत कालवांनी तो उसासा टाकला, आणि असा वास सुटला... ताज्या कापणीचा, व्हॅनिलाचा, आणखी कसला तरी. लोकांनी खेकड्याच्या सूपचे वाडगे खाली ठेवले. पाद्रीबाबांनी उभ्याउभ्या अकरा डझन कालवं संपवली.

"अहो फावडेवाले!"

थॅडियस वळला. मोहरीच्या फुलासारखा पिवळा स्वेटर, केसांत कॅमेलियाचं लाल फूल, आणि मुठीत चमच्याची घासून टोकदार केलेली दांडी. शेजारच्या मांडवात टोपल्या घेऊन बसलेली मुलगी. व्हर्नेल मॅनिगो.

"माझं गोणपाट कुठंय?"

"कुठलं?"

"ज्यात माझं टोपल्यांचं हिवाळाभराचं गवत गुंडाळलेलं होतं, ते!"

त्याने पत्र्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं.

"कालवं मात्र... छान लागतायत," थॅडियस म्हणाला. शहाण्या माणसाने त्या क्षणी गप्प बसावं. पण शहाणा माणूस कालवं भाजायला कशाला येईल?

तिने एक उचलून तोंडात टाकलं. डोळे मिटले. मग उघडले, आणि दुप्पट चिडली – कारण कालव खरंच अप्रतिम होतं.

"रविवारी चार वाजता कलादालनाच्या बाई येणार आहेत," ती म्हणाली. "या टोपलीचा तळ माझ्या आत्याच्या हातचा आहे. ऑक्टोबरमध्ये गेली ती. टोपली पुरी झाली तर तिच्या नावाने तिथे मांडणार आहेत. नाही झाली तर..."

"विणायचं किती राहिलंय?"

"विणत नाहीत, शिवतात! वीतभर राहिलंय."

"रविवारपर्यंत गवत आणतो."

"कुठून? गवत जूनमध्ये कापतात."

"आणतो म्हटलं ना!"

"फावड्याने?"

शनिवारी सकाळी थॅडियस पुलापलीकडे गेला. तिथल्या रस्त्यावर टोपल्या शिवणाऱ्या सात म्हाताऱ्या राहत. प्रत्येकीच्या पलंगाखाली गवत, आणि प्रत्येकीचा नियम एकच: गवत कुटुंबाबाहेर जात नाही.

पहिलं दार मिस युलाचं.

"कोणाचा रे तू?"

"प्रेलोंचा."

"मग जा, मासे धर." दार मिटायला लागलं.

"व्हर्नेल मॅनिगोसाठी हवंय, मिस युला! तिची टोपली अडलीय."

दार थबकलं. "तिचा तू कोण?"

थॅडियसची जीभ आजवर खोटं बोलताना कधी अडखळली नव्हती. आज अडखळली. "होणारा... नवरा."

दार सताड उघडलं. जुडीभर गवत मिळालं, वर कपाळावर एक ओला पापा. पुढच्या सहा दारांत तो अडखळला नाही.

रविवारी सकाळी व्हर्नेलने एकेक जुडी नाकाशी धरली. "हे मिस युलाचं... ती तर सख्ख्या जावेला काडी देत नाही! काय सांगितलंस तिला?"

"विनंती केली."

"हं."

मग ती शिवायला बसली. तो ताडाच्या पट्ट्या चिरून एकेक हातात देत राहिला. दांडीने भोक, भोकातून पट्टी, ओढ, पुन्हा भोक... तिच्या बोटांना वाटच माहीत होती. सात घरचं गवत, सात रंगांचं: कुठे हिरवट, कुठे मधासारखं तांबूस. फेऱ्यावर फेरा चढत गेला, आणि टोपली अशी दिसायला लागली जशी संध्याकाळी खाडीवरची दलदल. मागे त्याच्या वाटचीही कालवं भाजणारा त्याचा भाऊ फावडं आपटून शिव्या घालत होता. थॅडियसला ऐकूच येत नव्हतं.

"माझ्याकडे काय बघतोस? पट्टी दे," ती म्हणाली – पण हसली.

पावणेचारला चर्चच्या टोप्या घालून सातही म्हाताऱ्या हजर! कोणाकडे रताळ्याची पाई, कोणाकडे लाल भाताचं पातेलं. मिस युलाने व्हर्नेलला मिठीच मारली.

"पोरी, आज तुझी आत्या हवी होती गं! नवरा जरा धुरकट आहे, पण धुतला की चालेल."

थॅडियसने बंदराच्या पाण्याकडे पाहिलं. उडी मारावी तर ओहोटी होती.

व्हर्नेलने एकदा म्हाताऱ्यांकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. शेवटचा टाका घातला, टोक आत दडवलं, आणि कात्री खाली ठेवली.

कलादालनाच्या बाई आल्या. टोपली उचलून त्यांनी तळावरून हळूच हात फिरवला. "तुमच्या आत्याबाईंचं नाव कसं लिहायचं?" एवढंच विचारलं. टोपली गेली तेव्हा व्हर्नेलचे डोळे भरले, आणि सातही टोप्या एकदम हलल्या.

आणि मग – त्या सगळ्यांसमोर, शिंपल्यांच्या ढिगात थॅडियसने गुडघा टेकला! टोपी छातीशी धरली, आणि असा आवाज लावला की बंदरातले डॉल्फिन वर येऊन ऐकू लागले. तो म्हणाला, "व्हर्नेल, माझ्या–"

"खोटं!"

गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्या थॅडियसला मध्येच तोडत, टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून त्याची बायको, व्हर्नेल प्रेलो, ओरडली. मान वर न करता, हातातला टाका न सोडता.

"बाकीच्या थापा चालतील, थॅडियस, चाळीस वर्षं चालवून घेतेय. पण गुडघा? तोंडात गरम कालव कोंबून उभा होतास, हूं नाही की चूं नाही. शेवटी मलाच विचारावं लागलं – 'बरं, त्या सगळ्यांना लग्नाची तारीख कोणती सांगितलीयस?'"