शेवटच्या कडव्यातलं नाव

बाबा गेले त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चार साली, त्यांच्या भजनांच्या सीडीवरच आमचं घर चालत होतं. हिंगणघाटच्या बाजारात मी आणि माझी आई सुमित्राबाई दुकान मांडून बसायचो. कुणी नक्कल करू नये म्हणून कारखान्यात छापायला देण्याआधी सीडीला मी कॉम्प्युटरवर कुलूप घातलं होतं. ते बाजारात नव्यानंच आलेल्या हिरालालनं आठवडाभरात फोडलं. मागच्या गल्लीत तीच भजनं, निम्म्या भावात! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आई म्हणाली, "काऊन जीव जाळतं वं? शेवटच्या कडव्यात तुह्या बापाचं नाव हाये. ते कोन काढन?"

"नावानं चोर थांबते का, आई?"

थांबला की! एका दुपारी हिरालाल पोतंभर सीड्या घेऊन आला. चेहरा पांढराफटक.

"दिपालीताई, हे ऐका."

शेवटचं भजन, माणसाच्या अखेरच्या प्रवासाचं; बाबांचाच आवाज. मूळ ओळ 'प्रभाकर म्हणे, गाडी जुंपली दारी'. इथं बाबा गात होते, 'हिरालाल म्हणे, गाडी जुंपली दारी'.

मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. म्हटलं, मिक्सिंगची करामत असेल. पण त्याच्या भावानं आष्टीत काढलेल्या नकलेत भावाचं नाव होतं. बाबांनी या दोघांना कधी पाहिलंही नव्हतं.

"जो कापी काढते, त्याचंच नाव येते. अन् रोज दारात बैलाचे घुंगरं वाजून राह्यले, ताई. पाहाले गेलो तं कोनी नाई."

पोतं टाकून तो पळाला. सगळ्या सीड्या मी मोडल्या, तशी त्याची घुंगरं बंद झाली. सुटलो बाई एकदाचे! आमची विक्री वाढली, आईनं पाटवडीचा रस्सा केला, मी पोटभर जेवले. हे झालं कसं, ते विचारायच्या भानगडीत मी पडले नाही.

दिवाळी झाली. आई म्हणाली, "मले एक कापी काढाची हाये. बटन मीच दाबतो."

"तुले कायले? मूळ सीडी हाये ना घरात!"

"साऱ्या संसारात त्यायनं मले 'अवं' म्हणूनच हाक मारली, पोरी. नाव कवा घेतलंच नाई."

मी नको नको म्हणत राहिले. तिनं बटण दाबलं आणि निघालेली सीडी लावली.

शेवटच्या कडव्याशी बाबा जरा अडखळले. मग हळूच, लाजल्यासारखे, 'सुमित्रा म्हणे...'

आईनं डोळे मिटले. इतकं सुखी मी तिला कधी पाहिलं नव्हतं. सीडी काढून मोडायला गेले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"राहू दे."

दारात घुंगरं वाजली.

आईनं पदर सारखा केला.