अरमानच्या होडीचा प्लग

साहेब, प्लग न बघता तुम्ही माझ्यावर माणूस मारल्याचा ठपका ठेवलात.

तुमच्या चौकशी अहवालात अरमानबद्दल एकच ओळ आहे. 'अयोग्य दुरुस्तीमुळे इंजिन बंद पडून चालक पाण्यात पडला असावा.' असावा! एवढ्यावर सही केलीत, शिक्का मारलात आणि जेवायला गेलात.

दुरुस्ती करणारा मी. नाव धर्मा. मुरुडच्या अलीकडे खाडीवर माझं गॅरेज आहे, कुणालाही विचारा.

पुढे लिहितोय ते सगळं घडलंय. ज्याला हसायचं त्याने हसावं. मीही असल्या गोष्टींना हसायचो. आणि यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही. दुपारचे चार, लख्ख ऊन.

आधी प्लगचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

होडीच्या मागे लावतात ते छोटं टू-स्ट्रोक इंजिन. त्याची तब्येत स्पार्क प्लगवरून कळते. प्लगच्या टोकाशी चिनीमाती असते. ती चहाच्या रंगाची झाली, की इंजिन खुशीत. काळी आणि ओली झाली, की पेट्रोल जास्त जातंय. आणि पांढरीफटक राहिली...

की पेट्रोल कमी पडतंय. इंजिन आतून भाजतंय. भर समुद्रात पिस्टन जाम होणार.

पण बघायची एक रीत आहे. इंजिन फुल रेसवर पळवायचं आणि तसंच एका झटक्यात बंद करायचं. लगेच प्लग काढायचा. हळूहळू किनाऱ्याला आणलंत, तर प्लगवर काजळी चढते. मग प्लग खोटं बोलतो.

वीस वर्षं मी सगळ्या खाडीला हे सांगत आलो.

आणि त्या शुक्रवारी मीच ते केलं नाही.

गेला नोव्हेंबर. अरमान जुम्म्याची नमाज पढून थेट धक्क्यावर आला. टोपी अजून डोक्यावर. धक्क्याला होड्यांची गर्दी, म्हणून इंजिन पुटपुटत, अगदी हळू आणलं त्याने.

"धर्माभाई, लई पितंय रे हे. माझ्या सासऱ्यापेक्षा जास्त."

"तुझा सासरा तर चहापण पीत नाही."

"म्हणून तर म्हणतो. हे चहा सोडून सगळं पितंय!"

मी प्लग काढला. काळा. खरं तर म्हणायला हवं होतं, जा, खाडीच्या तोंडापर्यंत फुल पळव, तिथे बंद कर, मग बघू. तोंडावर आलंही होतं.

"ओहोटी लागली," तो म्हणाला. "आता नाय निघालो तर इथेच चिखलात बसेन."

मी पेट्रोल कमी करायला स्क्रू आवळला. पाव फेरा. फक्त पाव फेरा.

"डॉक्टर जीभ बघतो तसा प्लग बघतोस," तो हसला. "सांग, किती जगेल?"

"तुझ्यापेक्षा जास्त."

हे मी बोललो. हसत बोललो.

तो परत आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी सापडली. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा शांत. जाळं घडी घातलेलं. डबा न उघडलेला. फळीवर प्लगचा पाना होता, आणि पान्याशेजारी...

प्लग. काढून, नीट ठेवलेला.

अरमान नव्हता. आजपर्यंत नाही.

त्या गडबडीत प्लगचा रंग कुणी पाहिला नाही. बुडालेला माणूस शोधताना प्लगकडे कोण बघतं? तुमच्या माणसांनी तो पाकिटात घातला, सील लावलं. इंजिन तुमच्या आवारात गंजलं आणि भंगारात गेलं. उघडून पिस्टन बघावा, असं एकालाही वाटलं नाही.

म्हणजे साक्षीदार एकच उरला.

रंग चहाचा असेल, तर इंजिन ठणठणीत होतं. अरमानने स्वतः बंद केलं, माझं काम तपासायला. पुढे काय झालं ते अल्ला जाणे.

रंग पांढरा असेल, तर त्याला माझ्या पाव फेऱ्याने मारलं.

दीड महिन्याने त्याची बायको मासूमा गॅरेजवर आली. नवरा गेल्यावर पाळायची इद्दत तिने धरली नव्हती. म्हणायची, मय्यत दिसली नाय, मी बेवा कशी? बाहेरच उभी राहिली. बस म्हटलं, बसली नाही.

"धर्माभाई, एकच विचारायचंय. माझा माणूस तुमच्या हातानं गेला का?"

"मला माहीत नाही, भाभी."

"मग कुणाला माहीत हाय?"

मी हातातला पाना फडक्याने पुसत राहिलो.

आणि तेव्हाच...

खाडीच्या तोंडाकडून इंजिन ऐकू आलं. फुल रेस.

मी मान वर केली. अरमानच्या इंजिनाच्या झाकणाची कडी सैल होती. फुल रेसवर टरटर वाजायची. हजार इंजिनांत मी ती ओळखली असती.

टरटर वाजत होती.

मासूमाचा चेहरा उतरला. "आमचं हाय," ती म्हणाली. "धर्माभाई, आमचंच हाय ते!"

आम्ही धक्क्यावर धावलो. समोर पाणी. ऊन. दोन बगळे.

होडी नाही.

आवाज मात्र डावीकडून उजवीकडे गेला. आमच्या डोळ्यांसमोरून. बगळे उडाले. आणि मग...

आवाज तुटला. फुल रेसवर असताना. एका झटक्यात.

असं कुणी बंद करत नाही. प्लग बघायचा असेल, तरच.

मी नकळत मोजायला लागलो. टोपण काढलं. पाना लावला. प्लग सुटला. आता तो उन्हात धरून बघतोय... आता परत बसवतोय...

एकशे आठ. एकशे नऊ. एकशे दहा.

खर्रर्र. दोरी ओढल्याचा आवाज. इंजिन परत चालू. परत फुल रेस. परत... तुटलं.

तीन वेळा.

तिसऱ्यांदा बंद झाल्यावर काही वेळाने पायऱ्यांवर पाणी आपटलं. होडी गेल्यावर आपटतं तसं. जळक्या ऑइलचा वास आला.

बाजूला वेणूबाई बोंबील सुकवत होती. तिने टोपली डोक्यावर घेतली.

"आज ऐकलंत व्हय? मी महिनाभर ऐकतेय. चार वाजले की निघते मी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू मेकॅनिक ना रे? मग जा की, बघ त्याचं काय बिघडलंय."

मी गेलो नाही. माझे पाय धक्क्यावरून हलले नाहीत, हे इथे लिहून ठेवतो.

त्यानंतर रोज. जून-जुलैत मासेमारी बंद, एकूण एक होडी वर ओढलेली, ताडपत्री घातलेली. तरी चार वाजता टरटर. मग तुटणं. मग एकशे दहा. मासूमा रोज येऊन ऐकायची. एकदा तिने विचारलं, "परत परत का बघतोय तो?"

"एकदा बघून खात्री पटली नसेल."

"तुमच्यावर लई भरोसा होता त्याचा," ती म्हणाली.

तुमच्या कार्यालयात आम्ही सहा वेळा आलो. मागणी एकच. पाकीट उघडा, रंग दाखवा. सातव्या वेळेला, ऑगस्टमध्ये, तुम्ही वैतागून कपाट उघडलंत. सकाळचे अकरा वाजले होते. आठवतंय ना?

"अहो, एवढ्याशा प्लगसाठी किती चकरा!" असं म्हणालात.

खिडकीकडे तोंड करून सील फाडलंत. आमच्याकडे तुमची पाठ. पाकीट तळहातावर उपडं केलंत. आणि...

किंचाळलात.

टण्ण आवाज झाला. प्लग टेबलाच्या तुमच्या बाजूला पडला. मी उठलो तर "तिथेच थांबा!" म्हणून ओरडलात. खिशातला रुमाल काढलात, रुमालाने उचललात. रुमाल करपल्याचा वास आला. खोटं असेल तर सांगा.

नऊ महिने लोखंडी कपाटात पडलेला प्लग, साहेब. नुकत्याच बंद केलेल्या इंजिनातून काढावा, तसा गरम.

तुम्ही तो रुमालात धरून पाहिलात. पुष्कळ वेळ. तुमचा कान पांढरा पडलेला मला मागून दिसला.

"रंग सांगा, साहेब," मासूमा म्हणाली.

तुम्ही प्लग पाकिटात टाकलात. कपाट बंद केलंत. किल्ली दोनदा चुकली. वळलात, तेव्हा तळहातावर गोल डाग होता, लालभडक.

"लेखी कळवू," म्हणालात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही रजेवर. आठवड्याने तुमचा क्लार्क म्हणतो, असं पाकीट इथे कधी नव्हतंच. मग तुमच्या हाताला भाजलं कशाने?

त्या दिवसापासून खाडीवर फरक पडलाय.

चारला इंजिन येतं. फुल रेस, टरटर, सगळं तेच. एका झटक्यात तुटतं. मी मोजतो. एकशे दहा... दोनशे... पाचशे...

परत चालू होत नाही.

काल मी हजारपर्यंत मोजलं. मासूमा पायरीवर बसून होती. पाणी आपटलं नाही, वास आला नाही. फक्त शांतता. आणि त्या शांततेत मला सारखं वाटत होतं, की समोर कुणीतरी थांबलंय. त्याचं बघून झालंय. आता तो माझ्याकडे बघतोय.

मला झोप नाही. दुसऱ्या कुणाचं इंजिन घ्यायची हिंमत होत नाही. पण माझं सोडा.

त्या बाईला अजून माहीत नाही, की तिने कुणाला माफ करायचं आणि कुणाला नाही.

पांढरा असेल तर पांढरा म्हणा. मी पळून जाणार नाही, तिच्या समोर उभा राहीन. लेखी नको. पोस्टाने नको. चार वाजता धक्क्यावर या, तिच्या डोळ्यांत बघा आणि सांगा.

तुम्ही पाहिलाय, साहेब. रंग कोणता होता?