येळवसेचा वाटसरू

पोलीस पाटील होण्याच्या आधीपासूनच आश्रुबा संशयी होता. पाटीलकी मिळाली आणि त्याच्या संशयाला सरकारी शिक्का बसला, एवढंच. ताडकळसच्या बाजारात मीठ घेतलं तरी चिमूटभर जिभेवर ठेवून बघणारा माणूस तो. त्यात एकोणऐंशी साल. नामांतराच्या मोर्च्यांनी जिल्हा तापलेला, एसट्या वाटेतच अडकून पडायच्या, आणि गावात नवखा माणूस दिसला की ठाण्याला वर्दी द्या, असा वरून हुकूम. आश्रुबाला तो हुकूम पुरणपोळीसारखा गोड लागला होता.

पण येळवसेला हुकूम चालत नाही. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळा गाव आपापल्या रानात जेवतो, आणि बांधावरून जाणारा कुणीही असो, त्याला हाक मारून बसवायचं, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. वाटसरू उपाशी गेला तर रान उपाशी राहतं, असं म्हातारी माणसं सांगतात.

त्या दिवशीही सगळं दरसालासारखंच चाललं होतं. पुरुषभर वाढलेल्या ज्वारीच्या कडेला कडब्याची खोपटासारखी कोप उभी केली होती. आश्रुबाची आई धुरपदाबाई कोपीत पांडव म्हणून मांडलेल्या पाच दगडांना चुना लावत होती. बायको छबूबाई पाटीतून पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि गव्हाची खीर उतरवत होती. सालगडी भुजंग आंबिलानं भरलेली मातीची बिंदगी लेकरासारखी मांडीत धरून बसला होता, कारण मागच्या साली त्याच्याच हातून ती फुटली होती.

"कोण तरी यायलंय," भुजंग म्हणाला.

पाठीवर माणसाएवढी निळी पिशवी घेतलेला एक उंच, वाळका माणूस बांधावरून येत होता. उन्हानं चेहरा असा रापला होता की तो गोरा की काळा, तिशीचा की पन्नाशीचा, काही सांगता येऊ नये. पूर्णेला गाडीतून उतरलो, पुढची बस बंद आहे, म्हणून चालत निघालो, असं त्यानं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं.

"बसा म्हणावं त्याला," धुरपदाबाई म्हणाली. "येळवसंचा वाटसरू हाय."

"आधी कागद बघू दे," आश्रुबा म्हणाला.

माणसानं पासपोर्ट काढून दिला. आश्रुबानं अक्षरं लावायचा प्रयत्न केला, मग फोटो पाहिला. फोटोतला माणूस गोल चेहऱ्याचा, चष्मेवाला होता. त्यानं समोरच्या माणसाकडं पाहिलं, पुन्हा फोटोकडं पाहिलं.

"ये तुम नहीं है."

"रास्ते में आदमी बदल जाता है," माणूस हसून म्हणाला.

आश्रुबानं पासपोर्ट परत दिला नाही, आपल्या सदऱ्याच्या खिशात घातला. माणसानं तो मागितलाही नाही, आणि हेच आश्रुबाला जास्त खटकलं.

माणूस नऊ वर्षं फिरत होता. काबूल, तिबेटच्या कडेचे डोंगर, ब्रह्मदेश, कुठली कुठली बेटं. देवळं, राजवाडे त्यानं पाहिलेच नव्हते. तो लोकांच्या घरी जेवायचा, बस. एका मुलखात म्हणे ताट चाटूनपुसून संपवलं तर घरच्यांचा अपमान होतो, दुसऱ्या मुलखात शीत उरलं तर. डोंगरातले लोक चहात मीठ आणि लोणी घालतात. एका गावात घरधनी पहिला घास स्वतःच्या हातानं पाहुण्याच्या तोंडात घालतो. आश्रुबा जमेल तसा अर्थ सांगत होता आणि छबूबाई पदरात हसत होती. खारट चहाचं ऐकून धुरपदाबाईनं तर तोंडच वाकडं केलं.

"इचार की त्याला, त्याच्या घरी काय रीत हाय?" ती म्हणाली.

माणूस कपाळाला आठ्या घालून आठवू लागला. "याद नहीं," तो म्हणाला.

मग तो विचारू लागला, आणि त्याचे प्रश्न आश्रुबाला मुळीच आवडले नाहीत. तुमच्यात आधी कोण जेवतं? शेवटी कोण? पाहुण्याला कुठं बसवता? आज या रानाचा मालक कोण, हे रानाला कसं कळतं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर धुरपदाबाईनंच दिलं. घरधनी डोक्यावर घोंगडी घेतो, आंबिलाची बिंदगी हातात घेतो, आणि रानाला वेढा घालत, 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणत आंबील शिंपडतो. त्याला चर शिंपणं म्हणतात. "त्यावरून वळखतं रान," ती म्हणाली.

"मैं छिड़कूँ?" माणसानं विचारलं.

"न्हाई, न्हाई," धुरपदाबाई चटकन म्हणाली. "ते घरधन्याचंच काम हाय."

आश्रुबाच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. रानाला वेढा घालायला अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात ती निळी पिशवी तळापर्यंत तपासून होईल. हेर असेल, मूर्तिचोर असेल, जे काय असेल ते बाहेर पडेल. स्वतःच्या हुशारीवर तो मनातून खूश झाला.

"जाऊ दे की गं माय," तो म्हणाला. "पाव्हण्याची हौस हाय." आणि त्यानं आपली घोंगडी आपल्या हातानं त्या माणसाच्या डोक्यावर घातली.

माणूस ज्वारीआड गेला. आश्रुबानं पिशवी कोपीमागं ओढली.

आत ना हत्यार होतं, ना मूर्ती. एक काबुली टोपी, एक लुंगी, लाकडी वाडगा, आणि एक जाड वही. वहीच्या पानापानावर पंगती काढलेल्या. घर वेगळं, माणसं वेगळी, पदार्थ वेगळे. प्रत्येक पानावर एकजण सगळ्यांपासून थोडा बाजूला, पाठमोरा बसलेला. पाहुणा. प्रत्येक पानावर तो पाठमोरा माणूस निराळा होता. कुणी जाड, कुणी टकला, कुणी म्हातारा.

शेवटच्या पानावर कडब्याची कोप होती. पाच दगड होते. डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी होती. मध्ये घोंगडी पांघरलेला घरधनी होता. आणि बाजूला, पाठमोरा, खांद्यावर चौकड्याचा पंचा टाकलेला माणूस.

आश्रुबानं आपल्या खांद्यावरचा पंचा चाचपला. आल्यापासून माणसानं ही वही पिशवीबाहेर काढलीच नव्हती.

"ओलगे ओलगे सालम पोलगे!"

ज्वारीच्या पलीकडून आवाज आला. ज्या बांधाला ठेच लागून आश्रुबाचा आवाज लहानपणापासून दरसाली चिरकायचा, तिथंच हा आवाजही चिरकला. धुरपदाबाईनं समाधानानं मान डोलावली.

वेढा पुरा करून माणूस आला तेव्हा छबूबाईनं तांब्या उचलला आणि त्याच्या पायावर पाणी घातलं. आश्रुबाला ते रुचलं नाही, पण पाहुणा आहे, असू दे, असं त्यानं स्वतःला समजावलं. मग तिनं पहिली पत्रावळ मांडली. ती आश्रुबाच्या पुढं.

"मला कशाला आधी? त्याला वाढ."

"घ्या की," छबूबाई खाली बघत म्हणाली. "लाजू नगा. आपलंच घर समजा."

आश्रुबा हसला आणि जेवू लागला. बारा वर्षांच्या संसारात बायको कधी थट्टा करत नसे, आज करायलीय, असं त्याला वाटलं. भुजंगकडं पाहून त्यानं डोळा मारला. भुजंगनं नजर वळवली.

"मालक," भुजंग म्हणाला, "हरबऱ्याला पाणी कवा सोडायचं?"

आश्रुबानं तोंड उघडलं.

"परवा सोड," घोंगडीतला माणूस म्हणाला. "आदी खालचं वाफं भरून घे. लय भेगाळलंय तिथं."

ते मोडकं हिंदी नव्हतं.

आश्रुबाचा घास तसाच हातात राहिला. छबूबाईनं त्याच्या पत्रावळीत आणखी एक उंडा वाढला. नको म्हणताना हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून भज्जी वाढली, पाहुण्याला वाढतात तशी.

"छबू, बस झाला चावटपणा!" तो ओरडला.

तिनं चमकून पदर डोईवरून पुढं ओढला आणि कोपीआड सरकली. परपुरुषानं नावानं हाक मारल्यावर बाई सरकते, तशी.

"कुण्या गावचं म्हणायचं तुमी?" धुरपदाबाईनं विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती.

"माय, मी आश्रुबा! तुझा आश्रुबा!"

"पाव्हणं, दमानं," भुजंगनं त्याचा दंड धरला. "बायामाणसं हायत."

आश्रुबानं खिशातून पासपोर्ट काढून आईपुढं धरला. "ह्यो बघ त्याचा कागद. ह्यो त्याचा फोटू बी न्हाई. चोर हाय त्यो!"

धुरपदाबाईनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग आश्रुबाच्या चेहऱ्याशी ताडून पाहिला.

"ह्ये तर तुमीच की ओ," ती म्हणाली.

आश्रुबानं फोटोकडं पाहिलं नाही. बघायची त्याची छाती झाली नाही.

दूर डांबरी रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मोर्चा पांगला असावा.

घोंगडीतल्या माणसानं निळी पिशवी उचलली आणि आश्रुबाच्या पाठीवर चढवली. पट्टे आवळले. पट्टे कुठंही कमीजास्त करावे लागले नाहीत.

"माझ्याकडं बी असाच एक आलता," तो हळूच म्हणाला. "लय सोन्यासारखी माणसं हायत ही. मी जपीन." त्याचे डोळे भरून आले होते.

आश्रुबाला त्याचा गळा धरायचा होता. आईच्या पायाशी बसायचं होतं. पण त्याचे पाय बांधाकडं वळले होते, आणि पोट असं भरलं होतं की वाकवत नव्हतं.

"थांबा!" मागून हाक आली.

छबूबाई ज्वारीच्या कडेनं धावत येत होती. आश्रुबाच्या जिवात जीव आला. ती जवळ येऊन थांबली, तिला धाप लागली होती. तिनं फडक्यात बांधलेले उंडे त्याच्या हातात ठेवले.

उखाणा घ्यायची वेळ आली तरी नवऱ्याचं नाव तिच्या ओठावर यायचं नाही. लग्नात बायकांनी दार अडवून धरलं, तेव्हा ती रडली होती, पण नाव घेतलं नव्हतं. बारा वर्षांत त्यानं ते तिच्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतं.

"सांभाळून जावा, आश्रुबा भाऊ," ती सहज म्हणाली.