योजना, आत आहेस का?

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी इथेच थांबावं. मी विज्ञान शिकले आहे, ऐकीव गोष्टींवर माझा विश्वास बसत नाही. पण हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलं आहे आणि ताई थापा मारणाऱ्यांतली नाही.

परीक्षेनंतरची सुट्टी होती. भर दुपार. कॉलेजचा दुसरा मजला, रसायनशास्त्राची प्रयोगशाळा.

ताई तिथे सरकारी योजनेतून कामाला होती. गरजू विद्यार्थ्यांना कॉलेजातच काम द्यायचं आणि पगाराचा मोठा वाटा सरकारने उचलायचा, अशी ती योजना. हेतू चांगला होता. पण ती पोरं विभागप्रमुखांच्या तावडीत सापडली.

या सरांची थोरवी काय सांगावी! स्वतःचा चहाचा कप बेसिनपर्यंत न्यायचा म्हटलं तरी यांच्या जिवावर यायचं. सरकारच्या खर्चाने पोरं मिळतात म्हटल्यावर तर त्यांनी हातपाय हलवणंच सोडलं. पेन खाली पडलं तरी हाक. आणि नावं? नावं लक्षात ठेवायला ती पोरं माणसं थोडीच होती! मुलगा असो, मुलगी असो, हाक एकच.

"ए योजना!"

त्या दुपारी ताई धुतलेल्या बीकरांचा ट्रे घेऊन सरांच्या टेबलासमोर उभी होती. काचेची भांडी धुवायच्या आतल्या खोलीत नळाखाली बादली भरत होती.

सर मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "योजना, नळ बंद कर."

"हो सर."

आवाज आतून आला...

नळ बंद झाला.

ताईने तर तोंडही उघडलं नव्हतं.

तिने ट्रे ठेवला आणि आत डोकावली. त्या खोलीला दार एकच. खिडकीला जाळी. बादली काठोकाठ भरलेली. नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता...

खोलीत कोणीच नव्हतं.

"सर, आत कोणी नाहीये. सुट्टीत मी एकटीच आहे कामाला."

"मग उत्तर काय तुझ्या आजीने दिलं?"

झालं. सरांना चटकच लागली. "योजना, फ्लास्क धू." आतून, "हो सर." मग पाण्याचा आवाज... काचेवर काच टेकल्याचा आवाज. थोड्या वेळाने बघावं तर फ्लास्क खुंट्यांवर ओळीने उलटे लावलेले.

दुसरा कोणी असता तर जीव मुठीत धरून पळाला असता. सर खूश! घाबरायलासुद्धा दुसऱ्या माणसाचा विचार करावा लागतो. ती सवय यांना कुठली?

एक दिवस त्यांनी ताईला बोलावलं.

"एका कामाला दोघी कशाला? तुझी जागा रद्द करतोय."

"सर, काम गेलं तर वसतिगृह सोडावं लागेल. शिक्षण थांबेल हो माझं. बाबा तर टपूनच बसलेत, कधी घरी येते म्हणून."

"मग जा की घरी. आम्ही काय अनाथाश्रम उघडलाय?"

ताई किल्ली परत द्यायला आली तेव्हा सर चहा पीत होते. कप रिकामा झाला. तो टेबलावर ठेवून त्यांनी मोठ्या ऐटीत हाक मारली.

"योजना, आत आहेस का? बाहेर ये. कप घेऊन जा."

आजवर त्यांनी तिला कधी बाहेर बोलावलं नव्हतं.

ताई कळवळून म्हणाली, "सर, नका ना बोलावू!"

"तू गप्प बस. योजना!"

"आले सर."

दार हललं नाही. पावलं वाजली नाहीत. फक्त... आतल्या खोलीतला साबणाचा ओला वास टेबलापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

कप जागेवरून हलला नाही.

सरांचं हसू मावळलं. "गेली का ती?"

"नाही सर."

आवाज त्यांच्या खुर्चीच्या अगदी मागून आला होता...

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. "जा! जा इथून!"

मग अगदी हळू...

"कुठे जाऊ सर?"

ताईची जागा रद्द झाली नाही. सरांनी स्वतःच तिला थांबवून घेतलं. "तू इथेच बस, समोर बस, कुठे जाऊ नकोस," म्हणत होते. पहिल्यांदाच त्यांना एका विद्यार्थिनीची गरज पडली होती आणि तीसुद्धा स्वतःच्या भीतीपोटी!

प्रयोगशाळा मात्र त्या दिवसापासून शांत झाली. ताईला वाटलं, सुटलो.

मग एका दुपारी विभागात सरांच्या बायकोचा फोन आला. ताईनेच उचलला.

"अगं, ह्यांनी तुमच्यातली एक मुलगी घरी कामाला पाठवलीय ना? कधी समोर येत नाही बाई. पण भांडी लख्ख घासते हो! फक्त तिला सांग, रात्री तरी घरी जात जा म्हणावं. ह्यांना झोप लागत नाही..."

मग फोनवरच त्या मागे वळून म्हणाल्या, "ए, राहू दे गं ते आता!"

आणि मागून आवाज आला, "हो मॅडम."

ताईने तो आवाज ओळखला.

मी माझ्या परीने चौकशी केली. त्या प्रयोगशाळेत कधी कोणी मेलेलं नाही. योजनेतून काम केलेली जुनी मुलं-मुली शोधून काढली. सगळी जिवंत आहेत, धडधाकट आहेत. मग तिथे होतं कोण, हे मला आजही सांगता येत नाही.

परवा ताईला विचारलं, "आवाज कसा होता गं? भयानक?"



"नाही," ती म्हणाली. "दमलेला."