चोवीस इंजेक्शनं

अवातिफनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो औषधांच्या खोक्यांवर बसला होता.

सुदानमधल्या कसला शहराच्या सरकारी औषध-भांडाराची ओसरी, भर दुपार, आणि पांढऱ्या पायघोळ जलाबियावर काळं जाकीट घातलेला हा उंच माणूस पाय लांब सोडून निवांत बसलेला. कुणाचा तरी ड्रायव्हर असावा, असं तिला वाटलं. औषधाच्या खोक्यांवर बसायचं नसतं, असं तिनं जरा मास्तरणीच्याच आवाजात सांगितलं.

तो लगेच उठला, कपडे झटकले.

"रिकामी आहेत, दुक्तूरा," तो म्हणाला. "भरलेली असती तर बसलो नसतो... घेऊन पळालो असतो."

अवातिफला हसू आलं. अंगभर गुंडाळलेल्या तोबचा पदर सारखा करायच्या निमित्तानं तिनं तोंड वळवलं आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिकवायला उभी राहिली, तर तोच माणूस दुसऱ्या रांगेत वही उघडून बसलेला. हजेरीत त्यानं नाव सांगितलं – ओहाज. गाश नदीच्या पलीकडच्या तलहाब गावचा वैद्यकीय सहाय्यक. त्याच्या केंद्रात डॉक्टर नव्हता, त्यामुळे डॉक्टरही तोच आणि औषधांच्या कपाटाची किल्लीही त्याच्याकडेच.

अवातिफ मूळची मदनी शहरातली. फार्मसीची पदवी घेऊन ती दोन वर्षांपूर्वी कसलाला आली होती आणि खेड्यांतल्या केंद्रांवरच्या लोकांना औषधांचं नियोजन शिकवत होती. किती मागवायचं, कसं ठेवायचं, आधी कुठलं संपवायचं. विषय रुक्ष, पण ती तो मन लावून शिकवायची. एकोणतिसावं लागलं होतं. घरून लग्नाविषयी विचारणा व्हायची आणि ती पुढच्या प्रशिक्षणाची तारीख सांगून विषय संपवायची.

तिसऱ्या दिवशी मागणीचा हिशोब होता. गेल्या सहा महिन्यांत जेवढं औषध दिलं गेलं, त्यावरून पुढचं मागवायचं. औषध मधे संपलं असेल तर ते दिवस वगळायचे. सगळे उतरवून घेत होते. ओहाजनं हात वर केला.

त्याचं म्हणणं साधं होतं. औषध संपलं ही बातमी आसपासच्या वस्त्यांवर दोन दिवसांत पोचते. मग लोक यायचेच थांबतात. औषध पुन्हा आलं तरी महिनाभर कुणी फिरकत नाही. म्हणजे वगळून उरलेले दिवसही खोटेच बोलतात. म्हणून तो एक वेगळी वही ठेवत होता, रिकाम्या हातानं परत गेलेल्यांची.

अवातिफनं ती वही मागून घेतली आणि दुपारच्या सुट्टीत वाचली. ओळीमागून ओळी. मूल दोन वर्षांचं, ताप, गोळ्या नाहीत, परत. म्हातारा, बाहीर वस्तीवरून चालत आला, परत. कुठे तक्रार नाही, कुठे हळहळ नाही. तिनं वही मिटली. जेवण तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, की कालचा धडा अपुरा होता, आणि फळ्यावर नव्यानं मांडणी केली. ओहाजनं मान खाली घालून तीही उतरवून घेतली. जिंकल्याचा भाव चेहऱ्यावर कुठेच नव्हता. हे तिच्या लक्षात आलं, आणि आपल्या लक्षात आलं हेही लक्षात आलं.

त्यानंतर कडुलिंबाखालच्या कॉफीवालीकडे दोघांची गाठ पडू लागली. आलं घातलेली कडक कॉफी, तळहाताएवढी बैठी स्टुलं, समोर ताका नावाचे गुळगुळीत डोंगर. तिसऱ्या कपाआधी उठणं त्याच्या लोकांत अपमानाचं मानतात, असं त्यानं सांगितलं, आणि ती तीन कप पिऊ लागली. पाचही चालतात, असं त्यानं दोन दिवसांनी हळूच जोडलं.

"तुमच्याकडे सगळ्याचाच साठा मोठा लागतो वाटतं," ती म्हणाली.

"रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही ना..." तो कपात बघत म्हणाला. "मिळतंय तोवर घ्यावं."

तिच्या कानाची पाळी गरम झाली. कॉफी कडक होती, असं तिनं स्वतःला सांगितलं.

आठव्या दिवशी सगळी तुकडी प्रत्यक्ष मोजणीसाठी तलहाबला गेली. केंद्र स्वच्छ होतं. खोकी जमिनीपासून वर, तारखा बाहेरच्या बाजूला. अवातिफला उगाचच अभिमान वाटत होता. मग फ्रिज उघडला. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन – साठ्याच्या कार्डावर शिल्लक चाळीस, फ्रिजमध्ये सोळा. पुन्हा मोजलं. सोळाच.

अशी इंजेक्शनं चोरून बाजारात कुठे विकली जातात, ते अवातिफला चांगलं ठाऊक होतं.

ओहाजनं शांतपणे सांगितलं. गाशला पूर होता, शहराचा रस्ता बंद होता आणि चार तासांवरच्या ओमरे केंद्रातला साठा संपला होता. तो बर्फाची पेटी खांद्यावर घेऊन चालत गेला आणि चोवीस देऊन आला. एका केंद्राचं औषध दुसऱ्याला द्यायला जिल्ह्याची सही लागते. पूर ओसरल्यावर त्यानं सही मागितली, तर मागच्या तारखेची सही देता येत नाही, असं उत्तर मिळालं. मग सहीशिवाय कार्डावर काय लिहायचं ते त्याला कळेना. ते तसंच राहिलं.

परत आल्यावर तिचे वरिष्ठ बाबिकर तिला बाजूला घेऊन म्हणाले, की माणूस चांगला आहे, कार्ड दुरुस्त करू आणि विसरून जाऊ. ती कडुलिंबाखाली गेली. ओहाज तिथे होता. आज दोघांनीही कॉफी सांगितली नाही.

"अहवालात लिहावं लागेल मला," ती म्हणाली. "लिहिलं तर तुमची चौकशी होईल. नाही लिहिलं, तर... उद्या इथेच उभं राहून मी काय शिकवू?"

त्यानं रिकामं स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"लिहा," तो म्हणाला. "पण पूर्ण लिहा."

तिनं पूर्ण लिहिलं. तरी व्हायचं ते झालंच. त्याच्याकडून कपाटाची किल्ली काढून घेतली, प्रमाणपत्र अडकवलं. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी तो आला नाही. निरोप घेताना तुकडीतली एक नर्स अवातिफला म्हणाली, की त्याच्याकडून शिकलात आणि त्यालाच बुडवलंत.

पुढच्या आठवड्यात तिनं रजा टाकली आणि भाजीच्या ट्रकमधून एकटीच ओमरेला गेली. तिथली सुईण सित्तना, तोंडानं फटकळ बाई. तिनं बाळंतपणांची वही अवातिफपुढे आपटली. पुराच्या आठवड्यांत वीस बाळंतपणं. प्रत्येकीला एक इंजेक्शन, एकीला मात्र दोन लागली. तीन अजून फ्रिजमध्ये होती. अवातिफनं बोट ठेवून चोवीस मोजली आणि तिथेच, त्या फटकळ बाईसमोर, तिचे डोळे भरून आले.

"तुझा कोण लागतो तो?" सित्तनानं विचारलं.

"कुणी नाही," अवातिफ म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "अजून तरी."

त्या पानांच्या प्रती तिनं चौकशीला जोडल्या. निकालाला दोन महिने लागले. त्याला ताकीद मिळाली आणि किल्ली परत मिळाली. पूरकाळात केंद्रांनी एकमेकांना औषध द्यायचं असेल तर त्यासाठी एकपानी अर्जही निघाला. अर्जाचा मसुदा अवातिफनं केला होता. ओहाजकडून मात्र काही कळलं नाही. ती वाट बघत नव्हती, असं ती म्हणायची. पण फाटक वाजलं की तिची मान वर व्हायची.

थंडीत पेरूंच्या गाड्या रस्त्यावर उभ्या राहू लागल्या, तेव्हा तो आला. भांडाराच्या दारात उभा राहिला, आत येईना.

"फार दिवस लावलेत," ती म्हणाली.

"किल्ली नसताना कसा येऊ? चोरासारखं वाटायचं." तो थांबला. "सित्तनानं सगळं सांगितलं मला. ती... सगळंच सांगते."

अवातिफनं हातातलं रजिस्टर उगाच उघडलं, उगाच मिटलं.

"मी तुमच्याविरुद्ध लिहिलं होतं, ओहाज."

"तुम्ही झाकलं असतंत, तर मी आभार मानले असते आणि गावी निघून गेलो असतो," तो म्हणाला. "आता जाववत नाही." मग घाईघाईनं, पाठ केल्यासारखं, त्यानं सांगून टाकलं – तलहाबला वीज सूर्य असेपर्यंतच, पुरात दोन महिने रस्ता बंद, आमच्यात बाहेरची मुलगी सहसा करत नाहीत, आई काय म्हणेल माहीत नाही. "तरी विचारतोय."

"आधी तुमच्या आईला विचारा," ती म्हणाली. "माझं... माझं हो आहे."

तीन आठवड्यांनी तो मदनीला आला, आईला आणि मामाला घेऊन. पुरुष बाहेर अवातिफच्या वडिलांशी बोलत बसले. ओहाजच्या आईला अरबी येत नव्हती, अवातिफला तिची बेदावी भाषा येत नव्हती. दोघी समोरासमोर नुसत्या बसल्या. म्हातारीनं तिचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि दाराकडे तोंड करून मुलाला हाक मारली. तो आल्यावर तिनं त्याला काहीतरी विचारलं. ओहाज अडखळला, मग एका शब्दात उत्तर दिलं.

"काय विचारलं त्यांनी?" अवातिफ म्हणाली.

"काही नाही..."

"पूर्ण सांगा."

"विचारतेय, ही तुला रागावते का." त्याचा चेहरा लाल झाला होता. "मी हो म्हणालो."

म्हातारीनं अवातिफकडे नीट पाहिलं. मग सुरकुतलेल्या बोटातली चांदीची अंगठी ओढून काढली आणि तिच्या बोटात घातली.