बटणांचा फोन आणि पोहण्याचे मास्तर

दुकानाच्या काचेच्या कपाटात बटणांचा एकच फोन उरला होता, आणि त्यावर एकाच वेळी दोन बोटं येऊन टेकली. एक बोट तिचं, सुई टोचून टोचून टोकाला निबर झालेलं. दुसरं एका उंच माणसाचं. ते चक्क ओलं होतं.

"हा मला हवाय," ती म्हणाली.

"मलाही," तो म्हणाला. त्याच्या केसांतून पाणी निथळून शर्टाच्या कॉलरमध्ये जिरत होतं. बाहेर तर लख्ख ऊन!

"मी आधी बोट ठेवलं."

"एकदमच ठेवलं की आपण."

"पण बोलले मी आधी."

दुकानदारकाकांना हसू आवरेना. "देऊन टाका हो मास्तर. ताई, हे तलावावर लोकांना तरंगायला शिकवतात आणि स्वतःचे फोन बुडवतात. आम्ही यांना बुडवेच म्हणतो."

"सगळे बुडवले नाहीत," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "एक वाफेने गेला."

एरवी ती हसली असती. पण गेल्या आठवड्यापासून तिचं हसू कुठे गहाळ झालं होतं कोण जाणे. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. तिचे बाबा सुतार. जन्मभर रंधा आणि पॉलिशपेपर हाताळून त्यांच्या बोटांची कातडी इतकी राठ झालेली, की काचेच्या फोनला ती बोटं कळतच नाहीत. गेल्या आठवड्यात ते न्हाणीघरात घसरून पडले. फोन हातात होता. ते काच चोळत राहिले, चोळत राहिले... आणि फोन आपला ढिम्म. संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा ते भिंतीला टेकून बसलेले. कंबर दुखावलेली. वर तिलाच म्हणाले, 'आलीस? बरं झालं, मला जरा कंटाळा आला होता.'

"मी नाटक कंपनीत कपडेपट सांभाळते," ती म्हणाली. "महिन्याभराने दौरा आहे, लांबचा. बाबा घरी एकटे. त्यांना दाबता येईल असा फोन मिळाला तरच मी जाणार, नाहीतर नाही. आता सांगा, कुणाला जास्त गरज आहे?"

मास्तरांनी बोट उचललं. काचेवर ओला ठसा तेवढा राहिला.

"घ्या," ते म्हणाले. मग जरा थांबून, "... आणि बाबांना सांगा, कंटाळा आला तर तलावावर येऊन बसा. मागच्या गल्लीतच राहता ना तुम्ही? तुम्हाला जाताना पाहिलंय."

"मला?"

"हातात कायम कुणाचातरी झगा असतो," ते म्हणाले, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

*

फोन घरी आला. बाबांनी बटणं दाबून पाहिली, प्रत्येक बटणाला 'हं, आहे' अशी दाद दिली. तिने जुनं सिमकार्ड त्यात घातलं, फोन सुरू केला... आणि पडद्यावर अक्षरं उमटली: सेवा उपलब्ध नाही.

तिने कार्ड काढून पुसलं. पुन्हा घातलं. अंगणात गेली, गच्चीवर गेली. सेवा उपलब्ध नाही ती नाहीच.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ती दारात उभी. काकांनी फोन उलटसुलट करून पाहिला आणि कपाळावर हात मारला. "चूक माझीच हो ताई. हा जुना माल. हा फक्त टू-जीवर चालतो, आणि तुमच्या कंपनीने टू-जी बंद करून टाकलंय. फोन धडधाकट आहे, पण त्याला बोलायला कुणी उरलं नाही."

"मग फोर-जी चालणारा बटणांचा फोन द्या."

"दुपारी येतील दोन. पण आधी एक बघा. फोन कुठलाही असो, तुमच्या घरात रेंज कुठल्या कंपनीची येते? तुमची गल्ली खोलगट. नाहीतर पुन्हा तेच रडगाणं."

"माझ्याकडे दुसऱ्या कंपनीचं कार्ड आहे," मागून आवाज आला. मास्तर! आज केस कोरडे होते, पण खांद्यावर टॉवेल होताच. "तलावावर चांगलं चालतं. तुमच्याकडे चालतं का ते बघता येईल... म्हणजे, तुमची हरकत नसेल तर."

"हरकत कसली?" ती म्हणाली. "संध्याकाळी या. उशीर करू नका."

*

ते वेळेआधी आले. तिच्या हातात तिच्या कंपनीचा फोन, त्यांच्या हातात त्यांच्या. दोघंही फोन समोर धरून खोल्याखोल्यांतून हिंडू लागले, आणि बाबा मधोमध खुर्चीत बसून मुकादमासारखे हुकूम सोडू लागले.

"स्वयंपाकघर?"

"माझी एक काडी!" ती ओरडली.

"माझ्या तीन!" मास्तर.

"माझा कारखाना?" म्हणजे मागची पडवी, जिथे बाबांचं ठोकाठोकीचं टेबल होतं.

"माझी एकही नाही."

"माझ्या दोन... थांबा, खिडकीशी तीन."

राहिलं न्हाणीघर. जाड भिंती, वर इवलासा झरोका. दोघं एकदम दाराशी पोचले आणि एकदमच थबकले, कारण आत एकालाच उभं राहण्यापुरती जागा होती. मास्तर आत गेले. ती उंबऱ्यावर. तिने श्वास रोखला होता, आणि तो नक्की कशासाठी, हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

"एक आहे," ते आतून म्हणाले. "एकच. पण आहे. लावा फोन."

तिने लावला. न्हाणीघरात घंटी खणखणली. मास्तरांनी फोन कानाला लावला आणि हाताभरावरून तिच्याकडे बघत म्हणाले, "हॅलो?"

"हॅलो," ती फोनमध्ये म्हणाली. "आवाज येतोय?"

"दोन्हीकडून."

आणि तिचं गहाळ झालेलं हसू बाहेर आलं. चांगलं खळखळून.

"फोन ठेवा आता!" बाबा बाहेरून ओरडले. "दोघं एका घरात आहात!"

कंपनी ठरली. पण नंबर बदलायला बाबा तयार होईनात. "शहरभर माझ्या खुर्च्या आहेत," ते म्हणाले. "प्रत्येक खुर्चीच्या बुडाशी हा नंबर लिहिलाय मी. पाय डगमगला की लोक खुर्ची उलटी करतात अन् मला फोन लावतात. नंबर गेला तर मी गेलो."

"नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते," ती म्हणाली. "मी करून आणते."

आणि तिने आणलं. जुन्या कंपनीचा माणूस फोनवर मनधरणी करू लागला, सवलती सांगू लागला. ती म्हणाली, "तुमच्या सवलती आमच्या न्हाणीघरात पोचतात का? मग राहू द्या." नंबर इकडून तिकडे जायला काही दिवस लागणार होते, आणि त्या दिवसांत मास्तर रोज 'झालं का काम?' विचारायला येऊ लागले. एवढं विचारायला फोन पुरला असता. तिच्या ते लक्षात आलं होतं. ती राजाच्या अंगरख्याला जरीची किनार लावत बसायची, ते पडवीत बाबांना लाकूड धरू लागायचे, आणि मधूनच मान वर केली की नजरेला नजर भिडायची. मग किनार वाकडी लागायची. उसवावी लागायची.

काकांकडून आणलेल्या फोर-जीच्या बटणांच्या फोनात नवं कार्ड चालू झालं. दोनचा आकडा दाबून धरला की तिला फोन लागेल अशी तिने सोय करून दिली. बाबांनी निबर अंगठ्याने दोन दाबला, आणि तिच्या पिशवीत फोन वाजला. बाबांचा चेहरा खुलला.

"आता तीनवर मास्तरांना लाव," ते म्हणाले.

"त्यांना कशाला?"

"तू लांब असशील. हा गल्लीत आहे," बाबा म्हणाले. आणि मग, फार सहज, "की तुझी हरकत आहे?"

*

दौऱ्याआधीची रंगीत तालीम चालू होती. तिने मधल्या वेळात बाबांना फोन लावला. घंटी वाजली, वाजली... कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून तिने टाचण्यांच्या उशीवर खोचल्या. नाट्यगृह शहराच्या दुसऱ्या टोकाला.

तिने मास्तरांना फोन केला. "बाबा उचलत नाहीयेत."

"निघालो," ते म्हणाले.

ती मिळेल त्या गाडीने धावत घरी आली. दार सताड उघडं. आत मास्तर उभे होते, पोहण्याच्या टोपीसकट, वर घाईत अडकवलेला सदरा उलटा, आणि पायांखाली थारोळं. शेजारी खुर्चीत बाबा, चहाचा कप हातात घेऊन, अगदी मजेत.

"मी ठीक आहे," बाबा म्हणाले. "खालचं ते जाळीच्या खुणेचं बटण जरा जास्त वेळ दाबलं गेलं. त्याने आवाज बंद होतो म्हणे. मला काय ठाऊक! मी रंधा मारत होतो, अन् हा दार फोडायच्या बेतात. या गडबडीत तुला कळवायचंच राहिलं."

तिने फोन घेतला, तेच बटण दाबून धरलं, आवाज सुरू केला, मग बाबांकडून दोनदा बंद-चालू करवून घेतला. मग तिने मास्तरांकडे पाहिलं. अनवाणी आला होता हा माणूस. डांबरी रस्त्यावरून, भर उन्हात.

"पाय भाजले असतील," ती म्हणाली.

"नाही... फारसे नाही."

"मी दौऱ्यावर जात नाही," ती एकदम म्हणाली. "कंपनीला कळवते. मला असं नाही जमायचं."

बाबांनी कप खाली ठेवला. "पोरी, फोन न्हाणीघरात वाजतो का, एवढंच विचारलं होतंस तू. वाजतो. आता पलटी मारू नकोस."

तिने मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी 'थांबा' म्हणावं असं तिला वाटलं. फार वाटलं. त्यांनी टोपी काढली, पिळली.

"जा," ते म्हणाले. "इथलं मी बघतो." आणि दारातून बाहेर पडताना, पाठ तिच्याकडे असताना, हळूच म्हणाले, "... मला आवडणार नाही ते. पण जा."

*

निघायच्या सकाळी सामानाच्या पेट्या गाडीत चढल्या. गाडी सुटायला थोडा वेळ होता. ती चालकाला म्हणाली, "आलेच," आणि चालू लागली.

पिशवीत फोन होता. लावला असता, तर दोन मिनिटांचं काम. पण ही गोष्ट फोनवर सांगायची नाही, हे तिने रात्रीच पक्कं केलं होतं.

तलावावर मोठ्या बायकांचा वर्ग चालू होता. पाच-सहा मावश्या कठड्याला धरून पाय मारत होत्या, पाणी नुसतं उसळत होतं. मास्तर छातीभर पाण्यात उभे. ती थेट काठापर्यंत गेली. चप्पल भिजली.

"मास्तर!"

ते वळले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, मग धास्ती. "बाबा—?"

"बाबा मजेत आहेत. मी तुमच्याशी बोलायला आलेय." तिने श्वास घेतला. "मला तू आवडतोस."

तुम्हीचं तू कसं झालं, तिचं तिलाच कळलं नाही. मास्तर तिच्याकडे बघत राहिले... आणि मग, काय सुचलं कोण जाणे, सरळ पाण्याखाली गेले. मावश्यांचे पाय थांबले. पाण्यावर बुडबुडे आले. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. कधीतरी वर यावंच लागणार होतं त्यांना.

आले. "काय म्हणालीस? कानात पाणी गेलं होतं."

"मास्तर, मी ऐकलं!" कठड्याला चिकटलेली सगळ्यात थोरली मावशी ओरडली. "मी सांगते!"

"मावशी, तुम्ही पाय मारा," मास्तर म्हणाले. नजर तिच्यावरून हलली नव्हती.

"मला तू आवडतोस," ती आणखी मोठ्याने म्हणाली. छतावरची दोन कबुतरं उडाली. "चार महिने मी इथे नसेन. रोज फोन करीन. रेंज नसेल तिथे गच्चीवर चढून करीन. आता तुला काय म्हणायचंय ते गाडी सुटायच्या आत म्हण."

ते पाणी कापत काठाशी आले. ती काठावर उकिडवी बसली. खालून त्यांनी तिच्या सदऱ्याची बाही धरली, अगदी हलके, कापड फाटेल की काय अशा बेताने.

"त्या दिवशी दुकानात मला फोन नकोच होता," ते म्हणाले. "माझा धड होता, खिशातच होता. तू आत शिरताना दिसलीस, म्हणून मी मागोमाग आलो... आणि तू बोट ठेवलंस तिथे बोट ठेवलं."

तिने डोळे बारीक केले. "आणि ते वाद घालणं?"

"तू बोलत राहावंस म्हणून."

"लबाड."

"हो," ते म्हणाले. "आणि तूही मला आवडतेस. फार. पुढच्या महिन्यात मला सुट्टी आहे. दौरा तेव्हा जिथे असेल, तिथे मी येतो. तुझ्या बाबांनाही घेऊन येतो."

दूरवर गाडीचा भोंगा वाजला. मावश्यांनी एकदम टाळ्या पिटल्या, त्यासाठी कठडा सोडला, आणि दोघी-तिघी गटांगळ्या खाऊ लागल्या. मास्तर तिची बाही सोडून तिकडे झेपावले.

"जा तू!" एका मावशीला दंडाला धरून वर काढत ते ओरडले. "मी येतो!"

ती पळत सुटली. गाडीत खिडकीशी बसली तेव्हा तिचा दम अजून खाली आला नव्हता. शेजारी बसलेल्या नटीने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"काय गं, हात भिजवून आलीस? पिळून टाक ना ती बाही."

"राहू दे," ती म्हणाली, आणि गाडी शहराबाहेर पडेपर्यंत तिने ती ओली बाही दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवली.